बंद न होणारा बाजार आणि मुळेवहिनींचा प्रश्न

मध्यंतरी एक गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन आमच्या लखनौच्या महानगर भागातल्या घरी आले. ओळख ना पाळख. पाणी झालं, चहा झाला, इथल्या रीतीप्रमाणे हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग खुर्चीच्या कडेवर सरकत त्यांनी हळूच विचारलं, "मैडम, सुना है आप क्रिप्टो पढ़ाती हैं. तो फिर... कौन सा लें?"

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "भाईसाहब, मैं सिर्फ़ लफ़्ज़ पढ़ाती हूँ. अंग्रेज़ी के." त्यांचा काही विश्वास बसला नाही. "समझ गया, समझ गया," म्हणत ते उठले आणि जाताना दारातून म्हणाले, "सोच के बताइएगा." आमच्या ह्यांनी डबा उघडला. सगळी नोकरी एका संशोधन संस्थेत झाडांच्या पानांवरचे रोग तपासण्यात गेलेला माणूस; कशाचाही निष्कर्ष पुराव्यानिशीच काढणार. एक तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "सल्ला नाही दिलास ते बरं केलंस, पण बर्फी चांगली आहे."

तर या अंकाच्या वाचकांनाही आधीच सांगते. कौन सा लें, ते मला माहीत नाही. मी शब्द शिकवत आले, शकुन सांगत नाही.

लग्न करून सांगलीहून लखनौला आले तेव्हा दोन-चार वर्षांत बदली होईल असं सासरचे म्हणत होते. कसली बदली आणि कसलं काय! निशातगंजच्या बाजारात एका हलवायाच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन मी इंग्रजीचा क्लास काढला आणि केस पिकेपर्यंत तोच चालवला. खाली कचोऱ्या तळायच्या, वर आम्ही क्रियापदं तळायचो. पोरं परीक्षेसाठी यायची, सुना मुलांच्या शाळेतल्या मुलाखतीसाठी यायच्या. शेवटच्या वर्षांत मात्र मी फक्त मोठ्या माणसांसाठी एकच वर्ग ठेवला होता, बातम्यांच्या इंग्रजीचा.

बातमीतली इंग्रजी म्हणजे पुस्तकातल्या इंग्रजीची मावसबहीण. तोंडावळा सारखा, घरची वळणं निराळी. काल घडलेली गोष्ट मथळ्यात आज घडतेय अशी लिहितात. लहान शब्द पुरत असेल तर मोठा वापरत नाहीत. आणि पैशाची बातमी असली की त्यांना साधं 'वाढलं' आणि 'कमी झालं' लिहिताना जणू लाजच वाटते. भाव घसरतो, कोसळतो, गटांगळ्या खातो, उसळी मारतो. शाळेत चांगले मार्क पडलेला माणूससुद्धा त्या पानावर आला की गपकन थांबतो.

त्यातलं डिजिटल चलनाचं, म्हणजे क्रिप्टोचं, पान आमच्या वर्गात आलं ते शाज़ियामुळे. ही मुलगी एका हिंदी बातम्यांच्या वेबसाइटवर नवी लागली होती. संपादकानं तिच्या गळ्यात नेमका हा विषय मारला होता. पहिल्या दिवशी ती फोनवरची बातमी पुढे करून म्हणाली, "मैम, डिक्शनरी में सब मिल गया. फिर भी जो मैंने लिखा है वो मुझे ही समझ नहीं आ रहा." मी म्हटलं, हे प्रांजळ पोर आहे, हिच्यासाठी हा विषय घ्यायचाच. आणि मीही तिच्याबरोबर शिकायला बसले. मला तरी कुठे ठाऊक होतं?

दुसरे रज्जन भैया. लखनौतल्याच कपूरथला बाजारात त्यांचं औषधाचं दुकान. मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी विचारायची, कशासाठी शिकायचंय? रज्जन भैयांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "मैडम, मेरा साला नोएडा से आता है और खाने की मेज़ पर ब्लॉकचेन-ब्लॉकचेन करता है. बस इतना सिखा दीजिए कि एक बार वो चुप हो जाए." ब्लॉकचेन म्हणजे या चलनाची सगळ्यांनी मिळून सांभाळलेली खातेवही. इतका स्पष्ट हेतू घेऊन आलेला विद्यार्थी मला त्याआधी मिळाला नव्हता.

आणि तिसरे मुळेसाहेब. मूळचे परभणीचे. सरकारी बँकेत अधिकारी होते, लखनौत शेवटची बदली झाली आणि वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर घेऊन इथेच राहिले. त्यांना पाहून मला नवलच वाटलं. म्हटलं, "मुळेसाहेब, तुम्ही बँकेत आयुष्यभर इंग्रजीत पत्रं लिहिलीत. तुम्हाला मी काय शिकवणार?"

"मॅडम, मला 'उपरोक्त विषयास अनुसरून' एवढीच इंग्रजी येते," ते म्हणाले. "पेपरातलं ते पान उघडलं की मी अंगठेबहाद्दर."

कशासाठी शिकायचंय, याचं उत्तर मात्र त्यांनी लगेच दिलं नाही. वर्ग सुटल्यावर, बाकीचे खाली उतरल्यावर, चपला घालता घालता म्हणाले, "आमचा ओंकार बंगळूरला अशाच एका कंपनीत आहे. तिथे लोक हे चलन विकतात-घेतात. काय काम करतोस रे, असं विचारलं की म्हणतो, 'पापा, आप नहीं समझोगे.' मग मी विचारतो, जेवलास का? तो म्हणतो, हाँ. झालं. फोन संपला." चपलेचा पट्टा लागत नव्हता, ते पुन्हा पुन्हा लावत राहिले. "लहानपणी बाबा म्हणायचा मला. शाळेत गेला आणि मी पापा झालो. आता जेवलास का, एवढ्यापुरताच उरलोय."

हे इथल्या मराठी घरांतलं रोजचंच दुखणं आहे. मुलांना मराठी सगळी कळते, उत्तर हिंदीतून येतं. माझी लेकसुद्धा त्यातलीच. मी "पोळी वाढू का?" म्हणते, ती "हाँ, एक और" म्हणते, आणि आम्हा दोघींना त्यात काही वेगळं वाटेनासं झालंय. त्यामुळे मुळेसाहेबांचं बोलणं मला चांगलंच लागलं. मनात म्हटलं, रज्जन भैयांचा साला राहू दे बाजूला, हे काम झालं पाहिजे.

शब्द डोक्यात बसवायचे तर आधी अंगात बसवावे लागतात, असं माझं मत. आमच्या खोलीकडे येणारा जिना अरुंद आणि उभा होता. भाव पडण्याचे शब्द मी त्या जिन्यावर शिकवले. 'डिप' म्हणजे एक पाय खालच्या पायरीवर ठेवून पुन्हा वर. 'स्लाइड' म्हणजे कठड्याला धरून हळूहळू खाली. 'स्लम्प' म्हणजे मटकन बसणं. 'रॅली' म्हणजे दम लागेपर्यंत वर चढणं. भाव झाले रज्जन भैया. शाज़िया वरून बातमी वाचायची, मुळेसाहेब शब्द आला की टाळी वाजवायचे, आणि रज्जन भैया चढ-उतार करायचे. 'प्लंज' आला तेव्हा त्यांनी भलताच जोर लावला. धाडधाड आवाज झाला, खालून हलवाई झारा घेऊनच धावत आला.

"मैडम, कोई गिर गया क्या?"

"मार्केट," रज्जन भैया खालच्या पायरीवरून कण्हत म्हणाले.

त्या दिवशी हलवायानं सगळ्यांना फुकट जिलबी दिली. प्लंज हा शब्द त्या चौघांपैकी कुणी जन्मात विसरणार नाही, हलवाईसुद्धा नाही.

पण माझ्या वर्गाचा खरा नियम दुसराच होता, आणि त्यावर नवे लोक फार कुरकुर करायचे. शिकलेला शब्द घरी जाऊन अशा माणसाला सांगायचा, ज्याला इंग्रजी येत नाही. आपल्या घरच्या भाषेत, पंतोजीगिरी न करता. आणि ऐकून त्या माणसानं जो प्रश्न विचारला, तो दुसऱ्या दिवशी वर्गात आणायचा. याला आम्ही 'घरचा प्रश्न' म्हणत असू. प्रश्न आला नाही, तर समजायचं की समोरच्याला काही कळलं नाही, त्यानं नुसती मान डोलावली. मग तो शब्द परत शिकायचा.

शाज़िया तिच्या अम्मीला सांगायची. रज्जन भैया दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगायचे आणि खोकल्याचं औषध घ्यायला आलेली माणसं खोकला विसरून जायची. मुळेसाहेब सांगायचे त्यांच्या बायकोला, शैलावहिनींना. वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढायच्या नाहीत. लाज वाटते म्हणायच्या. संध्याकाळी त्या भाजी निवडत बसायच्या आणि मुळेसाहेब समोर बसून वर्ग घ्यायचे. काय प्रश्न यायचे त्या घरातून!

डिजिटल पाकीट म्हणजे काय, हे मुळेसाहेबांनी बँकेच्या लॉकरचा दाखला देऊन नीट समजावलं. या पाकिटाची किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांबलचक माळ, ती हरवली की पाकीट कायमचं बंद. वहिनींनी विचारलं, "अहो, मग माणूस अचानक गेला तर त्याच्या बायकोनं काय करायचं?" दुसऱ्या दिवशी तो प्रश्न वर्गात आला. त्या एका प्रश्नापायी शाज़ियाला तीन दिवस वाचावं लागलं. वारसा, कायदा, विसरलेल्या किल्ल्या, सगळं तिनं शोधून आणलं आणि तिला तिचा पहिला चांगला लेख मिळाला.

मग आला 'डिसेंट्रलाइज्ड'. म्हणजे कुणी एक मालक नाही, सरकार नाही, बँक नाही, सगळ्यांचं मिळून. मुळेसाहेबांना हा शब्द समजावताना जिवावर आलं होतं. बँकेशिवाय पैसा, ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. वहिनींचा प्रश्न आला, "मग भांडण झालं तर जायचं कुणाच्या दारात?"

रज्जन भैयांनी तो प्रश्न जसाच्या तसा उचलला. त्या रविवारी साला जेवायला आला, ब्लॉकचेन सुरू झालं, आणि भैयांनी दालमध्ये रोटी बुडवत शांतपणे विचारलं, "अच्छा, झगड़ा हो जाए तो किसके दरवाज़े जाओगे?" साला चावायचा थांबला. सोमवारी भैया वर्गात आले ते मिशीला पीळ देतच. "मैडम, भाभीजी के लिए लड्डू लाया हूँ. चुप हो गया, कम्बख़्त!" तेव्हापासून वर्गात आल्या आल्या त्यांचा पहिला सवाल असायचा, "आज भाभीजी ने क्या पूछा?" वहिनी एकदाही आमच्या जिन्यावर आल्या नाहीत, तरी वर्गात त्यांचं बस्तान सगळ्यांत पक्कं होतं.

इतकं सगळं छान चाललेलं असताना माशी शिंकली.

एक दिवस शाज़ियानं बातमी आणली. बंगळूरच्या एका कंपनीनं ग्राहकांना पैसे काढून देणं तात्पुरतं थांबवलं होतं. तांत्रिक अडचण आहे, असं कंपनीचं म्हणणं. मुळेसाहेबांनी कंपनीचं नाव वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. ती ओंकारची कंपनी. पण गंमत अशी की बातमी त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कळली. कुठेही अडले नाहीत. काळजीही वाटत होती आणि चेहऱ्यावर थोडा उजेडही होता. आता पोराशी त्याच्या भाषेत बोलता येईल, असं त्यांना वाटलं असणार. घरी जाऊन त्यांनी फोन लावला.

पुढच्या वर्गाला ते आले ते तोंडात मारल्यासारखे. म्हणाले, "मॅडम, मी आजपासून येणार नाही."

काय झालं ते सांगेनात. शेवटी रज्जन भैयांनी खालून चहा मागवला आणि मग सगळं बाहेर आलं. मुळेसाहेबांनी फोनवर एकदम विचारलं होतं, "ओंकार, तुमच्याकडे विड्रॉवल्स थांबवलेत म्हणे? लिक्विडिटी कशी आहे?" लिक्विडिटी म्हणजे देणी भागवायला हाताशी असलेली रोकड. पलीकडून ओंकार ओरडलाच, "पापा! आपने पैसा डाला है क्या?" मुळेसाहेब म्हणाले, नाही रे बाबा. तो ऐकेना. "सच बोलिए. किसने फँसाया आपको? पेन्शन का पैसा है ना?" वडिलांच्या तोंडून असले शब्द ऐकून त्याला दुसरं काही सुचेचना. फोन आपटला आणि लगेच आईला लावला, म्हणे पापांचा मोबाइल तपास, कुठलं ॲप टाकलंय बघ.

"जन्मभर लोकांचे पैसे सांभाळले मी," मुळेसाहेब म्हणाले. "आणि माझीच झडती! कशाला शिकलो हे शब्द? जेवलास का, तेवढंच बरं होतं."

शाज़ियाला हसू आवरेना आणि हसल्याचं वाईटही वाटे, अशी तिची गत. मला मात्र रागच आला. शब्दांवर नाही, त्या पोरावर नाही, मुळेसाहेबांवर. म्हटलं, "मुळेसाहेब, माझ्या वर्गातून अर्धवट शिकून कुणी जात नाही. या आठवड्याचा धडा राहिलाय तुमचा. तो घरी सांगा, घरचा प्रश्न आणा, मग खुशाल जा." बँकेतला माणूस. अर्धवट काम म्हटलं की त्याला रुखरुख लागणारच. ते तयार झाले.

धडा साधाच होता. शेअर बाजाराला वेळ असते, सुट्टी असते. बँकेला रविवार असतो, दिवाळी असते. हा बाजार मात्र कधीच बंद होत नाही. दिवस नाही, रात्र नाही, सण नाही, वार नाही. जगात कुठे ना कुठे कुणी तरी विकतंय, कुणी तरी घेतंय. इंग्रजी बातमीत त्याला 'राउंड द क्लॉक' म्हणतात. त्यात समजावण्यासारखं अवघड काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुळेसाहेब वेळेआधी येऊन बसले होते. रज्जन भैयांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "हाँ जी, भाभीजी ने क्या पूछा?"

"बाजाराबद्दल काही नाही," ते म्हणाले.

असं कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, "प्रश्न नाही? मग त्यांना कळलं नसेल. परत सांगा."

"कळलं, मॅडम. चांगलं कळलं." ते हातातला रुमाल घडी घालत होते, मोडत होते. "मी सांगितलं की हा बाजार कधीच बंद होत नाही. तिनं हातातली मेथी खाली ठेवली. मग म्हणाली, 'अहो, बाजार बंद होत नाही, तर आपला ओंकार झोपतो कधी?'"

इतक्या दिवसांत आम्ही त्या बाजाराचे चढ शिकलो, उतार शिकलो, किल्ल्या शिकलो, कायदे शिकलो. त्या बाजारात बसलेल्या पोराचा विचार आमच्यापैकी एकालाही शिवला नव्हता. मला तर नाहीच.

वर्गाचा आणखी एक नियम होता. ज्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, तो ज्याला येतं त्याला विचारायचा. मी एवढंच म्हटलं, "मुळेसाहेब, हे उत्तर माझ्याकडे नाही."

"तो परत ओरडेल, मॅडम."

"ओरडू दे. पण या वेळी इंग्रजी नको. वहिनींचा प्रश्न आहे, वहिनींच्या शब्दांत विचारा."

ते उठले आणि जिन्यावर गेले. आम्ही तिघं आत पुस्तकात डोकं घालून बसलो, पण कान बाहेर. जिन्यात आवाज घुमायचा, आणि मुळेसाहेबांना कमी ऐकू येत असल्यानं त्यांचा फोन नेहमी मोठ्यानंच बोलायचा.

"हाँ पापा, बोलिए, जल्दी. मीटिंग है."

"ओंकार, आईनं विचारलंय..." त्यांचा आवाज अडखळला. "तुमचा तो बाजार कधी बंद होत नाही ना? मग तू झोपतोस कधी?"

मला वाटलं, ठेवला त्यानं फोन. शाज़ियानं माझा हात धरला. आणि मग तो मोठा झालेला, नोकरी करणारा मुलगा, इतकी वर्षं फक्त हिंदीत उत्तरं देणारा, मराठीत बोलला.

"झोप लागत नाही, बाबा."

एवढंच. मग हुंदका. मुळेसाहेब जिन्यावर मटकन बसले. "बाबा ऐकतोय," ते म्हणाले. "बोल तू. मीटिंग गेली खड्ड्यात. बोल."

नंतर कळलं, पैसे अडकलेल्या ग्राहकांना उत्तरं देणाऱ्या तुकडीत ओंकार होता. थांबवण्याचा निर्णय त्याचा नव्हता, पण शिव्या त्याला खाव्या लागत होत्या, आणि त्या थांबत नव्हत्या. उशाशी फोन, डोळा लागला की घंटा. आई-वडिलांना काय सांगणार? त्यांना कळणारच नाही असं त्यानं धरून ठेवलेलं. आणि अचानक वडील लिक्विडिटीबद्दल विचारू लागल्यावर त्याला वाटलं, आता आपल्या बापाचेही पैसे यात बुडाले. म्हणून तो ओरडला होता.

त्या दिवशी पुढे काही शिकवणं झालं नाही. रज्जन भैया डोळे पुसत म्हणाले, "इसमें रोने की क्या बात है, सब ठीक तो हो गया," आणि परत रडू लागले.

कंपनीनं यथावकाश ग्राहकांचे पैसे मोकळे केले. आता वर्गही बंद झाला, कारण त्या जिन्यावर माझेच गुडघे रोज स्लम्प होऊ लागले. शिवाय हल्ली शब्दाचा अर्थ फोन सांगतो. चांगला सांगतो, मी वाचून पाहिलाय. पण तो भाजी निवडता निवडता हातातली मेथी खाली ठेवत नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं.

ओंकार मात्र पैसे मोकळे होईपर्यंत थांबलाच नाही. त्या फोननंतर आठवड्याभरातच रजा टाकून घरी आला. मी मुळ्यांकडे निघाले. म्हटलं, ज्याच्यापायी एवढं शिकलो, त्या मुलाला एकदा बघून तर येऊ. रज्जन भैयांनी बरोबर लड्डू दिले होते. वृंदावन योजनेत पोचले तेव्हा सकाळ चांगलीच वर आली होती. मी घंटेकडे हात नेणार, तोच दार आतून उघडलं. वहिनी तोंडावर बोट ठेवून उभ्या. आत मुळेसाहेब पायमोजे घालून फरशीवर मांजरासारखे चालत होते. त्यांनी घंटेची वायर काढून ठेवली होती, कुकर लावायलाही मनाई होती. खोलीचं दार लोटलेलं आणि त्यातून दणदणीत घोरणं ऐकू येत होतं.

"काल रात्रीपासून झोपलाय," मुळेसाहेब कुजबुजले. चेहरा असा, की जणू त्यांचंच पोट भरलंय.

मी तशाच हळू आवाजात म्हटलं, "मी नंतर येते. उठला की सांगा त्याला."

वहिनींनी लड्डूंचा डबा घेतला, मला दारापर्यंत सोडायला आल्या. इंग्रजीचा एक शब्द कधी तोंडातून न काढलेली ती बाई आधी आत बघून घेते, मग माझ्याकडे वळते आणि लाजत, पण अगदी ठासून सांगते,

"मॅडम, आज मार्केट क्लोज्ड."